हलक्या विमानाच्या कार्ब्युरेटरचा जीर्णोद्धार

इ. स. १७९६ मध्यें नेपोलियनच्या सैन्यानें मिलान शहर घेतलें, तेव्हां तेथील आंब्रोझियाना ग्रंथालयांतील लिओनार्दो द विंचीचीं तेरा हस्तलिखितें पॅरिसला नेण्यांत आलीं. त्याच सुमारास जोव्हान्नी बात्तिस्ता व्हेंतुरी (१७४६-१८२२) या नांवाचा इटालियन पदार्थविज्ञानवेत्ता पॅरिस येथें होता. त्यानें तीं हस्तलिखितें तपासलीं, ओळख राहावी म्हणून प्रत्येकास रोमन वर्णमालेंतील एकेक अक्षर दिलें, आणि १७९७ त लिओनार्दोच्या शास्त्रीय लेखनावर एक निबंध प्रसिद्ध केला. पुढें १८१५ मध्यें त्यांतील सर्वांत मोठें हस्तलिखित मिलानला परत गेलें. बाकीचीं बारा पॅरिसच्या 'अँस्तित्यु द फ्रान्स' या संस्थेंत राहिलीं, व व्हेंतुरीनें दिलेल्या अक्षरांनींच तीं आजहि ओळखलीं जातात.

त्याच १७९७ सालीं व्हेंतुरीनें प्रवाही पदार्थांवरील आपल्या प्रयोगांचा दुसरा ग्रंथ प्रसिद्ध केला. नळी मध्यें अरुंद केली असतां तेथें प्रवाहाचा वेग वाढतो, दाब उतरतो व शोषण उत्पन्न होतें, हा त्यांतील एक मुख्य विषय होय. सुमारें नव्वद वर्षांनीं क्लेमेन्स हर्शेल या अमेरिकन इंजिनियरानें याच तत्त्वावर पाणी मोजण्याचें साधन केलें व पूर्वसूरीच्या स्मरणार्थ त्यास व्हेंतुरीचें नांव दिलें. पेट्रोलवर चालणाऱ्या इंजिनाच्या कार्ब्युरेटरमध्यें जो अरुंद गळा असतो, त्यासहि सर्वत्र 'व्हेंचुरी' असेंच म्हणतात. तात्पर्य, आपल्या व्यवसायांतील एका पूर्वजाचें नांव या यंत्राच्या गळ्यांत अडकलेलें आहे. इतिहाससंशोधनाच्या त्रैमासिकांत कार्ब्युरेटरविषयीं लेख कां, असें ज्यांस वाटेल त्यांस एवढें उत्तर पुरेसें व्हावें.

परंतु दुसरें व अधिक महत्त्वाचें कारण आहे. सत्तर-पंचाहत्तर वर्षांपूर्वींचीं हलकीं विमानें हीं आतां पुराणवस्तु झालीं आहेत. मात्र तीं ताम्रपटाप्रमाणें पेटींत ठेवण्याच्या वस्तु नव्हेत. त्यांतील पुष्कळ अजून आकाशांत उडतात. सबब त्यांचा जीर्णोद्धार करणाऱ्यापुढें जो प्रश्न येतो तो आपणांस परिचित असला, तरी त्याची धार अधिक तीक्ष्ण असते. मूळ कितपत राखावें आणि सुधारणा कोठें करावी, हा तो प्रश्न होय. पोथींतील चुकीचा पाठ स्वीकारल्यानें संपादकाची अपकीर्ति होते. येथें चुकीचा पाठ स्वीकारल्यास मनुष्याचा प्राण जाऊं शकतो. प्रस्तुत लेखकाचें अध्ययन संस्कृताचें, यंत्रविद्येचें नव्हे. तथापि हा विषय समजावून घेत असतां, आपल्या शास्त्रांत जी शिस्त आपण पुष्कळदां सांगतों व कधींमधीं पाळतों, ती येथें किती कठोरपणें पाळावी लागते हें दिसून आलें. तेंच येथें मांडावयाचें आहे.

एक शब्द परिभाषेविषयीं. 'कार्ब्युरेटर' या शब्दास संस्कृत प्रतिशब्द घडविणें अवघड नाहीं. पण ज्या कारागिरांच्या हातीं ही वस्तु असते त्यांच्या तोंडीं हाच शब्द आहे, म्हणून तोच येथें ठेवला आहे. फ्लोट, जेट, गॅस्केट, थ्रॉटल या शब्दांविषयींहि तसेंच समजावें.

(१) विमान, इंजिन व कार्ब्युरेटर

उदाहरणासाठीं अमेरिकेंतील पायपर कंपनीचें 'जे-३ कब' हें विमान घेऊं. १९३८ पासून १९४७ पर्यंत पेनसिल्व्हेनिया प्रांतांतील लॉक हेवन या गांवीं अशीं सुमारें २०,००० विमानें तयार झालीं. लांकडी व धातूच्या सांगाड्यावर कापड ताणलेलें, एकामागें एक अशा दोन बैठकांचें हें साधें विमान होय. त्याच्या प्रसिद्ध प्रकारांत मिशिगनमधील मस्कीगन येथील कॉन्टिनेंटल कंपनीचें 'ए-६५' हें इंजिन असतें. त्यास समोरासमोर आडवे बसविलेले चार सिलिंडर असून त्यांचें एकूण आकारमान १७१ घन इंच आहे; मिनिटास २,३०० फेऱ्यांना तें ६५ अश्वशक्ति देतें. आपल्या देशांत बंगळूरच्या हिंदुस्थान एअरक्राफ्टनें बनविलेलें व १९५८ मध्यें प्रथम उडालेलें 'पुष्पक' हें विमान पुष्कळ उड्डाणसंघांत शिक्षणासाठीं वापरलें जात असे. त्याचें ९० अश्वशक्तीचें इंजिनहि याच कंपनीच्या याच कुळांतील होय.

या इंजिनाच्या खालच्या अंगास जो लहानसा कार्ब्युरेटर असतो तो स्ट्रॉमबर्ग घराण्याचा 'एन्ए-एस्३' नामक प्रकार होय. बेंडिक्स कंपनीनें तो बनविला व पुढें बनविणें बंद केलें. त्यामुळें आज हातीं येणारी प्रत्येक प्रत ही जुनी प्रत असते, आणि ती अनेक हातांतून गेलेली असते.

(२) त्याचें कार्य

कब विमानांत पेट्रोल वर चढविणारा पंप नाहीं. बैठकांच्या पुढें व इंजिनाच्या मागें १२ अमेरिकन गॅलनांची, म्हणजे सुमारें ४५ लिटरांची टांकी असते. तीतून पेट्रोल आपल्याच वजनानें खालीं येतें. टांकीच्या झांकणांतून एक तार वर डोकावते. तिच्या खालच्या टोंकास बूच असून तें पेट्रोलवर तरंगतें. जसजसें पेट्रोल सरतें तसतशी तार खालीं जाते. वैमानिकास शिल्लक पेट्रोल सांगणारें साधन तें एवढेंच.

टांकींतून येणारें पेट्रोल जाळीच्या गाळणींतून कार्ब्युरेटरच्या पात्रांत शिरतें. पात्रांत पोकळ पितळी फ्लोट, म्हणजे तरंडा, असतो. पेट्रोल वाढलें कीं तो उचलला जातो व आपल्या दांड्यानें एक सुई तिच्या बैठकींत दाबतो. पेट्रोल येण्याची वाट बंद होते. इंजिनानें पेट्रोल ओढलें कीं पातळी उतरते, तरंडा खालीं येतो व वाट पुन्हां उघडते. याप्रमाणें पात्रांतील पातळी एकाच जागीं राहते.

पात्राच्या शेजारीं हवेचा मार्ग आहे. इंजिन हवा खालून वर ओढतें. वाटेंत व्हेंचुरीचा अरुंद गळा लागतो, व त्या गळ्यांत पेट्रोलची बारीक नळी उघडते. तिचें तोंड पात्रांतील पातळीच्या किंचित् वर असतें. म्हणून इंजिन बंद असतां पेट्रोल सांडत नाहीं. हवा वेगानें गळ्यांतून गेली कीं तेथील दाब उतरतो आणि पेट्रोल नळींतून वर येऊन हवेंत मिसळतें. तें किती यावें हें जेट ठरवितें. जेट म्हणजे ठराविक मापाचें छिद्र असलेला पितळेचा लहानसा तुकडा. वजनानें सुमारें १५ भाग हवेस एक भाग पेट्रोल मिळालें म्हणजे ज्वलन पूर्ण होतें. अधिक जोर हवा असेल तेथें पेट्रोलचें प्रमाण थोडें वाढवावें लागतें.

गळ्याच्या वर थ्रॉटलची झडप असते. ती जवळजवळ मिटलेली असतां गळ्यांतून हवा फार थोडी जाते व मुख्य नळी निरुपयोगी होते; तेव्हां झडपेच्या कांठाशीं उघडणाऱ्या एका वेगळ्या सूक्ष्म मार्गानें पेट्रोल येतें व इंजिन मंदगतीनें चालतें. झडप एकदम उघडल्यास जादा पेट्रोलची पिचकारी मारणारा पंप या कार्ब्युरेटरांत नाहीं. पेट्रोलचा लहानसा सांठा तेवढा आहे. म्हणून थ्रॉटल सावकाश उघडावा लागतो. उंचावर हवा विरळ होते व मिश्रण दाट होऊं लागतें. तें पातळ करण्यासाठीं पात्रांतील हवेचा दाब किंचित् उतरविण्याची योजना केलेली आहे. परंतु पुष्कळ विमानांत ही कळ तारेनें 'पूर्ण दाट' स्थितींत बांधून टाकलेली आढळते. या कळीनें पेट्रोल सर्वस्वी बंद होत नाहीं. म्हणून इंजिन थांबवावयाचें तें ठिणगी तोडून.

(३) उघडण्यापूर्वीं वाचन

दप्तरांतील रुमाल सोडतांना कागदांचा क्रम टिपून ठेवल्यावांचून एकहि कागद बाजूस काढूं नये, हें आपण नवशिक्या कारकुनास शिकवितों. येथेंहि तोच नियम. कार्ब्युरेटर इंजिनावरून उतरविण्यापूर्वींच त्याचें वाचन सुरू होतें.

प्रथम अंगावरील पट्टी पाहावी. तीवर प्रकार व भागसूचीचा क्रमांक कोरलेला असतो. हा कार्ब्युरेटर कोणत्या इंजिनासाठीं जुळविला होता हें त्यावरून ठरतें. तथापि पुष्पिकेवर जितका विश्वास ठेवावा तितकाच या पट्टीवर ठेवावा. एका पोथीची पुष्पिका दुसरीस चिकटविलेली आपण पाहिली आहे. त्याप्रमाणें एका कार्ब्युरेटरची पट्टी दुसऱ्याच्या अंगावर जाऊं शकते. सबब आंतील जेटचें माप व गळ्याचें माप पट्टीशीं जुळतें कीं नाहीं हें पडताळून पाहिल्यावांचून पट्टी प्रमाण मानूं नये.

नंतर डाग पाहावेत. अमेरिकेंत विमानांच्या पेट्रोलला ओळखीसाठीं रंग घालण्याची रीति आहे. पूर्वीं प्रचारांत असलेलें ८०/८७ प्रतीचें पेट्रोल तांबडें, १००/१३० प्रतीचें हिरवें, आणि त्यानंतरचें, शिशाचें प्रमाण कमी केलेलें, १०० प्रतीचें पेट्रोल निळें असतें. पेट्रोल उडून गेलें तरी रंग मागें राहतो. दोन अंगांच्या सांध्याशीं निळी कड दिसली, तर गळती अलीकडची. तांबडी जुनाट कड दिसली, तर ती पूर्वींच्या कारकीर्दींतील असण्याचा संभव. शाईवरून काळ ठरविणाऱ्यांस हें नवें वाटणार नाहीं. हे डाग पुसण्याआधीं टिपून घ्यावे, कारण एकदां धुतलें कीं हा पुरावा नष्ट होतो. उतरविलेला कार्ब्युरेटर प्रथम घासून लख्ख करणारा कारागीर, आणि जुन्या ताम्रपटावर आधीं चिंच चोळणारा संग्राहक, हे दोघे एकाच माळेचे मणी होत.

(४) उघडणें व धुणें

वरचें व खालचें अंग स्क्रूंनीं जोडलेलें असतें. मध्यें गॅस्केट असतें. प्रत्येक भाग निघेल त्या क्रमानें ताटांत मांडावा व त्यास चिठ्ठी बांधावी. दोन छिद्रें असलेले दोन लहान पितळी तुकडे टेबलावर सारखेच दिसतात. त्यांची अदलाबदल झाली तर इंजिन तें विसरत नाहीं.

आंत सामान्यतः तीन प्रकारची घाण आढळते. वाळलेल्या पेट्रोलचा तपकिरी राळेसारखा लेप, हा पहिला. पाण्यानें अल्युमिनियमच्या ओतीव अंगास खाल्ल्यामुळें झालेली पांढरी भुकटी, हा दुसरा. गॅस्केटचे व रबरी नळीचे कण, हा तिसरा. लेप योग्य द्रवानें विरघळतो. पांढऱ्या भुकटीखालीं मात्र धातूंत खड्डे पडलेले असतात व ते परत भरत नाहींत. ते किती खोल आहेत हें पाहून अंग ठेवावयाचें कीं टाकावयाचें हें ठरवावें लागतें.

जेट व सूक्ष्म मार्ग धुवावे ते द्रवानें व फुंकलेल्या हवेनें. तारेनें कदापि नव्हे. याचें कारण आपल्या वाचकांस घटिकापात्रावरून चटकन समजेल. लग्नमुहूर्तासाठीं पाण्यानें भरलेल्या घंगाळांत जें तांब्याचें पात्र सोडीत, त्याच्या तळास एक बारीक छिद्र असे. त्यांतून पाणी शिरून पात्र २४ मिनिटांत बुडालें म्हणजे एक घटिका झाली. सर्व काळज्ञान त्या एका छिद्राच्या मापावर अवलंबून असे. छिद्रांत कचरा बसला म्हणून कोणी दाभण खुपसलें असतें, तर पात्र दिसावयास पूर्ववत् राहून घटिका मात्र लहान झाली असती, आणि हें त्याच्या रूपावरून कोणासहि कळलें नसतें. जेटची गोष्ट हुबेहूब अशीच आहे. त्यावर कोरलेलें माप तसेंच राहतें व छिद्र मोठें होतें. म्हणजे लेख एक सांगतो व वस्तु दुसरेंच करते. अशा वेळीं पुढील कारागीर लेखावर विश्वास ठेवून दोष भलतीकडेच शोधीत बसतो.

थ्रॉटलच्या झडपेचा दांडा ज्या भोकांत फिरतो तीं भोकें झिजलीं आहेत कां, हेंहि याच वेळीं पाहावें. झिजलेल्या फटींतून न मोजलेली हवा आंत शिरते. तिनें पूर्ण वेगावर फारसा फरक पडत नाहीं, पण मंदगतीचें मिश्रण बिघडतें व इंजिन उतरण्याच्या वेळीं बंद पडूं शकतें.

(५) तरंड्याची परीक्षा

पितळी तरंडा हा डाख देऊन जोडलेला असतो. सांधा फुटून आंत पेट्रोल शिरलें कीं तो जड होतो, खोल बुडतो, सुई उशीरां मिटते व पातळी चढते. परीक्षा सोपी आहे. गरम पाण्यांत तरंडा बुडवून धरावा. आंतील हवा प्रसरण पावते आणि फट असेल तेथून बुडबुडे येतात. फट सांपडली तरी लगेच डाख देऊं नये. आंत पेट्रोलचा अंश असेल तर तापलेल्या हत्याराशीं गांठ पडून स्फोट होतो. तो पूर्णपणें उडून जाईपर्यंत थांबावें. डाखहि मोजका द्यावा. कारण जास्तीचा डाख म्हणजे जास्तीचें वजन, व वजन वाढलें कीं पातळी बदलली. तरंडा फिरतो ती खीळ झिजलेली असल्यास तीहि बदलावी, नाहींतर तो एका अंगास घासून अडकतो.

(६) सुईचे तीन पाठ

सर्व वादाचें मूळ या सुईंत आहे. मूळ पाठ म्हणजे पोलादी सुई व पितळी बैठक. धातूवर धातु टेकत असल्यामुळें मध्यें धुळीचा एक कण आला तरी वाट पुरती मिटत नाहीं, व विमान उभें असतां खालीं पेट्रोल ठिबकूं लागतें. कबचें इंजिन पुष्कळदां पंखा हातानें फिरवून सुरू करतात. हवेच्या पेटींत पेट्रोल सांचलेलें असतां इंजिनानें उलट ज्वाळा टाकली तर आग लागण्याचें भय असतें. म्हणजे हा दोष केवळ पेट्रोल वायां जाण्याचा नव्हे.

यावर उपाय म्हणून सुईच्या टोंकास कृत्रिम रबर लावण्यांत आलें. मऊ टोंक बैठकींत नीट बसतें व गळती थांबते. परंतु कांहीं प्रकारच्या पेट्रोलमध्यें रबर फुगूं लागलें. फुगलेली सुई वाट अरुंद करते किंवा बैठकींत चिकटते. गळतीचा दोष गेला आणि उपासमारीचा दोष आला. पहिला दोष जमिनीवर व डोळ्यांदेखत घडतो. दुसरा वर आकाशांत, कांहीं एक सूचना न देतां घडतो. त्यानंतर, १९६० पासून बाजारांत आलेल्या डेल्रिन नामक कठीण पांढऱ्या प्लॅस्टिकची सुई प्रचारांत आली. ती आज पुष्कळ ठिकाणीं आढळते. तथापि कारागिरांत एकमत नाहीं, व कित्येक अनुभवी लोक पोलादी सुईच स्वच्छ ठेवून वापरणें पसंत करतात.

एकाच स्थळाचे हे तीन पाठ. प्रत्येक सुधारणा करणाऱ्याचा हेतु चांगला होता, व प्रत्येक सुधारणेनें एक दोष घालवून दुसरा आणण्याची वाट उघडली. संपादकांस हा अनुभव आहे. दुर्बोध शब्द काढून सुबोध घातला कीं ओळ वाचतां येते, पण छंद किंवा अर्थ अन्यत्र बिघडतो. मात्र येथें एक भेद लक्षांत ठेवावा. 'प्राचीनतम तोच ग्राह्य' हा नियम या स्थळीं आंधळेपणानें लावतां येत नाहीं, आणि 'नवीन तेंच चांगलें' हाहि लावतां येत नाहीं. कोणतें पेट्रोल वापरावयाचें आहे, बैठक कोणत्या धातूची आहे, अधिकृत सूचना काय सांगतात, हें पाहून निवड करावी. निवड कोणतीहि असो, सुई व बैठक यांची जोडी मोडूं नये. एका पाठाची सुई दुसऱ्या पाठाच्या बैठकींत बसविणें हा संकर होय, व संकरित प्रत सर्वांत फसवी.

(७) पातळी

सुई बसविली कीं पातळी मोजावी लागते. पोलादी सुई व पितळी बैठक असतां पेट्रोलची पातळी दोन अंगांच्या सांध्याच्या पृष्ठापासून १३/३२ इंच खालीं असावी, असें निर्मात्याचें माप आहे. मोजण्यासाठीं वरचें अंग काढून, खालचें अंग समपातळींत ठेवून, त्यास दर चौरस इंचास अर्धा पौंड दाबानें, म्हणजे सुमारें १९ इंच उंचीच्या स्तंभानें, पेट्रोल द्यावें व पातळी स्थिर होऊं द्यावी.

येथें तीन ठिकाणीं चूक होते. पहिली अशी कीं, भिंतीलगत द्रव किंचित् वर चढतो. म्हणून माप भिंतीपासून दूर घ्यावें. दुसरी अशी कीं, आगीच्या भीतीनें कित्येक जण पेट्रोलऐवजीं रॉकेल घालतात. रॉकेल अधिक जड असल्यामुळें तरंडा त्यांत लवकर उचलला जातो व पातळी खरीपेक्षां खालीं दिसते. ती तेथें बरोबर करून घेतली, तर पेट्रोल भरल्यावर ती चढलेली असते. तिसरी चूक घाईची. पातळी बदलावयाची ती दांडा वांकवून नव्हे, तर बैठकीखालील वॉशरची जाडी बदलून. जाड वॉशरनें पातळी उतरते, पातळ वॉशरनें चढते. वॉशर १/६४ इंचानें बदलला तर पातळी सुमारें ५/६४ इंचानें बदलते. म्हणजे हातून झालेली लहान चूक दांड्याच्या योगानें पांचपट होते. डोळ्यांच्या अंदाजावर हें काम सोंपवूं नये एवढें यावरून उघड आहे. सुईचा प्रकार बदलला असेल तर ही सर्व कसोटी पुन्हां घ्यावी.

पातळी अधिक असल्यास मिश्रण दाट होतें व उभ्या विमानांतून पेट्रोल ठिबकतें. कमी असल्यास मिश्रण पातळ होऊन इंजिन तापतें व अडखळतें. संपूर्ण यंत्राचें सत्य त्या १३/३२ इंचांत सांठविलेलें आहे. अंगास रंग किती सुरेख दिला आहे याच्याशीं त्याचा कांहीं एक संबंध नाहीं.

(८) जोडणी व प्रत्यक्ष चाचणी

नवीं गॅस्केटें घालून अंगें जोडावीं. स्क्रू व बुचें तारेनें अशीं बांधावीं कीं कंपानें तीं सैल होऊं लागलीं तरी तार त्यांस उलट आवळील. कार्ब्युरेटर भरून कांहीं वेळ ठेवावा व मुख्य नळीच्या तोंडाशीं थेंब जमतो कां तें पाहावें. इंजिनावर बसविल्यावर मंदगतीचें मिश्रण जुळवावें तें इंजिन पुरतें तापल्यानंतर. थंड इंजिनावर केलेली जुळणी टिकत नाहीं.

शेवटीं गरम हवेची कळ तपासावी. पेट्रोलचें बाष्पीभवन होतांना व गळ्यांत दाब उतरतांना हवा इतकी गार होते कीं, बाहेर उबदार दिवस असला तरी दमट हवेंत आंत बर्फ जमतें व गळा बुजतो. कारखान्यांत पूर्ण निर्दोष ठरलेला कार्ब्युरेटर यानें आकाशांत बंद पडूं शकतो. म्हणून इंजिनाच्या धुराड्याभोंवतीं तापलेली हवा आंत सोडण्याची सोय असते. ती कळ ओढतांच इंजिनाच्या फेऱ्या किंचित् उतरल्या पाहिजेत. उतरल्या नाहींत तर गरम हवा येत नाहीं असें समजावें व विमान जमिनीवरच ठेवावें.

(९) नोंद

अमेरिकेच्या विमानविषयक नियमांत 'ओव्हरहॉल' या शब्दाची मर्यादा ठरविलेली आहे. वस्तु सुटी केली, धुतली, तपासली, जरूर ती दुरुस्त केली, पुन्हां जोडली व मान्य कसोटीस लावली, एवढें सर्व झाल्यावांचून नोंदवहींत तो शब्द लिहितां येत नाहीं. तसेंच झालेल्या कामाचें वर्णन, तें पुरें झाल्याचा दिनांक, आणि मान्यता देणाऱ्याची सही व परवान्याचा क्रमांक नोंदवहींत असावाच लागतो. 'संशोधून छापिली' हे शब्द मुखपृष्ठावर घालण्यापूर्वीं आपणांवरहि असा कांहीं निर्बंध असता, तर कित्येक आवृत्त्यांची मुखपृष्ठें कोरीं राहिलीं असतीं.

राहिला मूळ वस्तु राखण्याचा प्रश्न. लेखकाच्या मतें त्याचा निर्णय वस्तूच्या पुढील आयुष्यावरून करावा. जें विमान यापुढें संग्रहालयांत उभें राहणार व कधींहि उडणार नाहीं, त्याच्या कार्ब्युरेटरची सुई, झिजलेली खीळ, निळे-तांबडे डागसुद्धां, जसेंच्या तसें राखावें; धुण्याचा मोह आवरावा. तो त्याचा इतिहास आहे. जें उडणार, त्यांत मनुष्य बसणार. तेथें झिजलेला भाग मूळचा आहे म्हणून ठेवणें हें इतिहासप्रेम नव्हे. तो बदलावा. परंतु टाकूं नये. पोथी लिहिणारा चुकीच्या अक्षरावर हरताळ फांसतो, तेव्हां खालचें अक्षर पुष्कळदां वाचतां येतें, व म्हणूनच आपणांस मूळ काय होतें हें कळतें. काढलेली सुई, बैठक, जेट यांस चिठ्ठी बांधून, कोणत्या दिवशीं, कोणत्या कारणानें, कोणीं काढलीं हें लिहून, नोंदवहीबरोबर जतन करावीं. म्हणजे दुरुस्ती ही वस्तूच्या इतिहासाचा लोप करणारी न होतां त्यांतील एक नवें पान होते.

ज्या संग्राहकांकडे जुनीं यंत्रें आहेत, मग तें विमान असो, घड्याळ असो, किंवा छापखान्याचें यंत्र असो, त्यांनीं एवढी एक गोष्ट करावी: हात लावण्यापूर्वीं एक वही घालावी. वस्तु जशी सांपडली तशी प्रथम लिहून काढावी आणि मगच स्क्रू फिरवावा. पुढील काम कोणीहि केलें तरी ही वही त्यास वाट दाखवील.

व्हेंतुरीनें पॅरिसमध्यें बारा वह्यांवर अक्षरें घातलीं, तें काम अगदीं लहान होतें. तो वारल्यास दोनशें वर्षें होऊन गेलीं. त्याच्या नांवाच्या गळ्यांतून अजून हवा वाहते. पण हस्तलिखितांच्या अभ्यासकास त्याचा रोजचा उपयोग होतो तो त्या अक्षरांमुळें.